काल काय खाल्लं, हे विचारण्याची नोकरी

माझ्या पिशवीत सहा वाट्या, चार आकारांचे चमचे, एक डाव आणि एक जाड आल्बम असे. आल्बममध्ये माणसांचे फोटो नव्हते, भाताचे होते. एकाच ताटलीत आधी एवढासा भात, पुढच्या पानावर थोडा जास्त, त्याच्या पुढच्या पानावर डोंगर. समोरच्या माणसाने एका फोटोवर बोट ठेवायचं, "एवढा खाल्ला," म्हणायचं, आणि मी त्या फोटोचा नंबर लिहून घ्यायचा. नूडल्सचे फोटो वेगळे, माशाच्या तुकड्यांचे वेगळे, सुपाच्या वाडग्यांचे वेगळे. सिंगापूरमधली पहिली आठ वर्षं मी हे काम केलं. देशातली माणसं काय खातात, किती खातात आणि वर्षावर्षाला ते कसं बदलतं याची पाहणी चालायची, तिच्यासाठी घरोघरी जाणाऱ्या बायकांपैकी मी एक होते.

पुण्यात मी आहारशास्त्र शिकले होते, एका रुग्णालयात पाच वर्षं नोकरीही केली होती. नवऱ्याला बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. इथे माझी पदवी लगेच कुणाच्या उपयोगाची नव्हती. पाहणीच्या कामाला हिंदी आणि इंग्रजी बोलणारी बाई हवी होती, तिथे मी बसले.

बाहेरच्यांना हे काम सोपं वाटतं. काल काय खाल्लंत, एवढंच तर विचारायचं. पण हा प्रश्न एका दमात विचारून चालत नाही. आधी माणसाला त्याच्या मनाने बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मग पुन्हा सकाळी उठल्यापासून सुरुवात करायची: उठल्यावर काय, ऑफिसात गेल्यावर काय, चारच्या सुमाराला काय. मग तिसऱ्यांदा, विसरलेल्या गोष्टी काढायच्या. कोपी, म्हणजे इथली कॉफी, किती वेळा, त्यात कंडेन्स्ड मिल्क होतं की बिनसाखरेची होती, बिस्किट, शेंगदाणे, मुलाने ताटात टाकलेलं आपण खाल्लेलं. मग वाट्या काढायच्या आणि मापं घ्यायची. शेवटी पिशवी आवरता आवरता सहज म्हणायचं, "आणखी काही?" खरं उत्तर बहुधा तिथे येतं.

कागदावर जाड माणसं चिमणीएवढं खातात. हे सगळ्या जगातल्या पाहणीवाल्यांना माहीत आहे. लोक मुद्दाम खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. त्यांना जसं खायचं असतं तसं ते सांगतात. पालेभाजी खाल्ली पाहिजे हे ठाऊक असतं, म्हणून काल खाल्लेली दिसते. चहा-कॉफी म्हणजे खाणं, असं तर कुणालाच वाटत नाही. दिवसाला पाच वेळा दाट गोड कोपी पिणारा माणूस मला शांतपणे सांगायचा, "मी सकाळी काहीच घेत नाही."

त्या आठ वर्षांत ताटं बदलताना मी पाहिली. सुरुवातीला मी दुपारी एखाद्या फ्लॅटची बेल वाजवली की दार उघडताच लसणीचा नाहीतर सुक्या मासळीचा वास यायचा. नंतर नंतर लिफ्टमध्ये माझ्यासोबत डिलिव्हरीवाला त्याची चौकोनी पिशवी घेऊन चढायचा, आणि बऱ्याचदा आम्ही दोघं एकाच दाराशी थांबायचो. गोड पेयांचे ग्लास इतके मोठे झाले की माझ्या डावाने ते मोजता येईनात. पेयांवर साखरेप्रमाणे ए, बी, सी, डी अशी अक्षरं आली ती माझं हे काम सुटल्यावर, पण कशासाठी आली ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या कामाचा एक नियम होता, तो आधी सांगते. आम्ही सल्ला द्यायचा नाही. माणूस समोर बसून अख्खा केक खाल्ला म्हणाला तरी "अरे बापरे" म्हणायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. याला कारण होतं. आठ-दहा दिवसांनी त्याच माणसाकडे दुसऱ्यांदा जायचं असे. पहिल्या वेळी तुम्ही उपदेश केलात तर दुसऱ्या वेळी तो तुम्हाला आवडेल ते उत्तर देणार, म्हणजे पाहणी वाया. आमच्या सुपरवायझर रेणुका, इथेच जन्मलेल्या तमिळ बाई, कडक पण भल्या, पहिल्याच दिवशी आम्हाला म्हणाल्या होत्या, "डोळे उघडे, तोंड बंद. जमत नसेल तर दुसरं काम बघा."

मला ते जमत होतं. उलट मला त्याचा अभिमान होता.

एकदा एका जुन्या वसाहतीत एकट्या राहणाऱ्या चिनी आजींकडे गेले. ऐंशीच्या पुढच्या. बाजारापुरतं इंग्रजी बोलायच्या. काल काय खाल्लं? पेज. सकाळी? पेज. दुपारी? पेज, सोया सॉस. रात्री? सकाळचीच उरलेली पेज. मला वाटलं, बाई लपवताहेत. मी तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं. अंडं? मासा? टोफू? फळ? आणखी काही? आणखी काही? शेवटी आजी रडायला लागल्या आणि उठून त्यांनी फ्रिजचं दार उघडून दाखवलं. आत एक पातेलं होतं आणि पाण्याची बाटली. आल्बममधल्या पेजेच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं, सगळ्यात लहान. मी नंबर लिहिला, आभार मानले आणि बाहेर पडले. लिफ्टमध्ये मला वाईट वाटलं ते मी त्यांच्यावर संशय घेतला याचं. आजी नुसत्या पेजेवर जगताहेत आणि मी ते कुणाला तरी सांगायला हवं, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तोंड बंद ठेवायची सवय लागली की हळूहळू डोळेही मिटतात.

आणि मग केळुसकर.

यादीत नाव वाचूनच मला बरं वाटलं. मराठी घर फार क्वचित यायचं. पाहणीत इथले नागरिक आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेले, घेत, आणि हे कुटुंब बरीच वर्षं पीआर होतं. पासिर रिसला दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. मनोहर केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, जहाजावर चीफ इंजिनीअर म्हणून उभी हयात काढलेले, आता किनाऱ्यावर एका शिपिंग कंपनीत जहाजांच्या दुरुस्तीचं बघायचे. गडगडाटी हसणं, मोठं पोट, मोठे हात. त्यांची बायको शालिनी किडकिडीत, सतत उभी. मुलगी ईशा पॉलिटेक्निकला होती. ती दारातच मला "हाय आँटी" म्हणून हेडफोन लावून आत गेली.

"तर मॅडम, माझं काय काय मोजणार?" केळुसकर म्हणाले.

मी वाट्या मांडल्या. शालिनीवहिनी बाजूला उभ्या होत्या. केळुसकरांनी सांगितलं ते असं: सकाळी दोन फुलके आणि भाजी. दुपारी घरचा डबा. रात्री एक भाकरी, बांगड्याचं तिखलं, वाटीभर सोलकढी. कोपी एक, बिनसाखरेची. साखरेचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत.

"मीच करते ना सगळं हातानं," शालिनीवहिनी म्हणाल्या. "गोड तर घरात आणतच नाही. तरी यांची साखर उतरत नाही, तुम्हीच सांगा आता."

मी काही सांगितलं नाही. त्या चहा करायला आत गेल्या, तसे केळुसकर पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता खरं लिहा."

खरं असं होतं: डबा ते दुपारी खायचे, आणि त्याआधी अकरा वाजता ऑफिसच्या खालच्या हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर दोन अंडा प्राटे, म्हणजे अंडं घातलेले पराठे. घरी येण्याआधी चिकन राइस. दिवसभरात कंडेन्स्ड मिल्कच्या पाच कोपी, कधी सहा. आणि मग घरी भाकरी, बांगडा, भात.

"दोन्हीकडे जेवता?"

"घरी नाही जेवलो तर ती रडते. बाहेर नाही जेवलो तर माझं भागत नाही." ते हसले. "ताई, इंजिन रूममध्ये चार तास काम करून वर आलं ना, की माणूस बैलासारखा खातो. तीस वर्षं खाल्लं. आता खुर्चीत बसून असतो, पण पोटाला कोण सांगणार की बोट धक्क्याला लागली म्हणून?"

मॅडमची ताई झाले होते. मी सगळं लिहून घेतलं. माझ्या त्या वर्षातल्या कामात इतकी खरी मुलाखत दुसरी झाली नव्हती, आणि मी मनातून खूश होते.

त्यांच्या डाव्या पायात मोजा होता. फक्त डाव्या. सिंगापूरच्या उकाड्यात घरात कुणी मोजे घालत नाही. ते उठून कॅलेंडर आणायला गेले तेव्हा तो पाय जरा फेंगडा टाकत होते, आणि ते जवळून गेले तेव्हा डेटॉलचा वास आला. त्या वासाखाली दुसरा एक वास होता. पुण्याच्या रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात पाच वर्षं मी ताटं बघत हिंडले होते. तो वास मला माहीत होता.

मी पायाकडे बघतेय हे शालिनीवहिनींच्या लक्षात आलं. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "नवा सेफ्टी बूट लागला. फोड आलाय."

"दुखत नाही काहीच," केळुसकर म्हणाले.

साखरेच्या माणसाचा फोड दुखत नाही हीच त्यातली वाईट बातमी असते. पायातल्या नसा मेलेल्या असतात. ज्याला दुखतं तो डॉक्टरकडे पळतो. ज्याला दुखत नाही तो चालत राहतो. हे मला त्या खुर्चीत बसून स्पष्ट माहीत होतं. मी चहा प्याले, "बरं," म्हणाले, दहा दिवसांनंतरची वेळ ठरवली आणि निघाले.

खाली इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर एक दगडी बाक होता, तिथे बसले. परत वर जावं का? मग रेणुकाबाई आठवल्या. माझं कंत्राट दोन महिन्यांत संपत होतं, नव्या फेरीसाठी नावं निवडायचं काम चालू होतं. मी स्वतःला सांगितलं, दुसरी मुलाखत होऊ दे. फॉर्म पुरा झाला की त्याच दारात उभी राहून सगळं सांगीन. दहा दिवसांत काय होतंय?

नवव्या दिवशी शालिनीवहिनींचा फोन आला. कंपनीने यांना इंडोनेशियात, बाताम बेटावरच्या शिपयार्डला पाठवलंय, तीन आठवडे येणार नाहीत. मी म्हणाले, "ठीक आहे, काही हरकत नाही." फॉर्मवर 'दुसरी भेट झाली नाही' या चौकटीत खूण केली. फोनवर तरी बोलता आलं असतं. फॉर्म आता पुरा होणारच नव्हता, मग सांगायला अडचण कसली होती? मी फोन ठेवला आणि पुढच्या घराचा पत्ता बघितला.

पुढे माझं कंत्राट वाढलं नाहीच. पण तोवर इथल्या परीक्षा देऊन झाल्या होत्या आणि मला नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी मिळाली. त्या मुलाखतीला सात-आठ महिने झाले असतील. एका सकाळी वॉर्डची यादी हातात आली आणि तिच्यात ते नाव होतं. नावापुढे लिहिलेलं वाचून मी जिन्यातच थांबले. आधी डाव्या पायाची दोन बोटं काढली होती. मग गुडघ्याखालून पाय.

मी आत गेले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून पडले होते. मला बघून त्यांनी ओळखलं.

"काय ताई, वाट्या नाही आणल्या आज?"

शालिनीवहिनी शेजारी होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि रडायला लागल्या. मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं: जखम भरायला प्रथिनं किती हवीत, इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळा कशा सांभाळायच्या. आवाज स्थिर होता. त्याचा मला नंतर राग आला.

घरी जाऊन कपाटातली ती जुनी पिशवी काढली. मला त्यातली पाहणीची पुस्तिका हवी होती. आम्हाला सल्ला द्यायला बंदी होती, हे मला छापलेलं वाचायचं होतं. ते वाक्य होतंच, ठळक अक्षरांत. त्याच पानावर, खाली, आणखी एक ओळ होती: मुलाखतीदरम्यान प्रकृतीबद्दल तातडीची शंका आल्यास संबंधितास डॉक्टरकडे जाण्यास सुचवावे आणि सुपरवायझरला कळवावे. ट्रेनिंगच्या वेळी मी ते पान वाचलं असणार, कारण समासात माझ्याच पेन्सिलीची रेघ होती.

दुसऱ्या दिवशी शालिनीवहिनी यायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले.

"केळुसकरसाहेब, मी त्या दिवशी तुमचा पाय बघितला होता. मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"हेच. जखम बिघडली आहे ते. मी बोलले नाही."

"का?"

"नियम होता." मग मला तेवढ्यावर थांबवेना. "नियमात सांगायची परवानगी होती. मी बघितलं नाही. माझं कंत्राट संपत आलं होतं."

चादरीखाली एका बाजूला पाय संपायचा तिथे चादर सपाट पडली होती, तिच्याकडे ते बघत होते.

"बोलला असतात तरी मी ऐकलं नसतं," ते म्हणाले. "मी कुणाचं ऐकलं नाही कधी. ईशा म्हणत होती, डॅडी, जस्ट गो सी डॉक्टर लाह. तिला ओरडलो." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "पण बोलायला पाहिजे होतंत तुम्ही."

"हो."

"शालनला सांगू नका. ती माझ्यावर चिडलेली आहे ते ठीक आहे. तुमच्यावर चिडली तर मला काय शिजवून घालायचं ते तिला शिकवणार कोण?"

त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. त्यांनी मला कामाला लावलं, एवढंच.

पुढची तीन वर्षं मी ते काम केलं. पायानंतर मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: साखरेच्या पथ्यापेक्षा डायलिसिसचं पथ्य शंभर पटींनी क्रूर असतं. साखरेच्या रोग्याला आपण सांगतो, डाळी खा, फळं खा, नारळपाणी चालेल थोडं. मूत्रपिंडं गेली की तीच डाळ, तेच फळ, तोच नारळ विष होतो. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं, कारण प्यालेलं पाणी बाहेर जायला वाट नसते. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन वाढतं ते चरबीचं नाही, साठलेल्या पाण्याचं.

वेंगुर्ल्याच्या माणसाला मी नारळ बंद केला. सोलकढी बंद, सुका बांगडा बंद. शालिनीवहिनींना भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून द्यायला शिकवलं. "म्हणजे चव फेकायची आणि चोथा शिजवायचा," त्या म्हणाल्या. तसंच होतं ते. पण त्यांनी तीन वर्षं एक दिवस चुकवला नाही. केळुसकर तहानेने कासावीस झाले की त्या त्यांच्या तोंडात बर्फाचा एक खडा ठेवायच्या, आणि तो खडासुद्धा त्या दिवसाच्या पाण्यात धरायच्या.

केळुसकरांना डायलिसिसचं मशीन आवडलं, हे मात्र खरं. नर्सला ते पंप, फिल्टर, प्रेशर असं सगळं विचारत. एकदा मला म्हणाले, "चांगलं बनवलंय. आमच्या बोटीवरचं पाणी शुद्ध करायचं मशीन याचंच भावंड. फक्त तिथे मी मशीनच्या बाहेर होतो."

ईशाला या काळात नोकरी लागली होती. तिचं सगळं खाणं ऑफिसात नाहीतर फोनवर मागवलेलं. घरात बापासाठी चोथा शिजत होता, तो तिने का खावा? ती येताना मोठ्या ग्लासातला गोड दुधाचा चहा घेऊन यायची, तळाशी साबुदाण्यासारखे काळे गोळे असलेला, आणि आपल्या खोलीत बसून प्यायची. तीन वर्षांत ती ओळखू येऊ नये इतकी सुटली. शालिनीवहिनी एकदा म्हणाल्या, "एकाचं मोजता मोजता माझे हात संपले ताई. तिच्याकडे कधी बघू?" मी म्हणाले, होईल सगळं नीट. आम्ही दोघी एकाच ताटाकडे बघत होतो.

केळुसकर मार्च महिन्यात गेले. डायलिसिसलाच जायचं होतं, गाडी खाली आली होती, आणि ते व्हीलचेअरमध्ये बसून शर्टाची बटणं लावत होते. शालिनीवहिनी पाण्याची बाटली घ्यायला आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. हृदय थांबलं.

तेराव्याला मी पासिर रिसला गेले. घरात पंचवीसेक माणसं होती, मराठी, तमिळ, शेजारचं एक मलाय कुटुंब. जेवण केटररकडचं होतं. शालिनीवहिनी कोपऱ्यात बसून होत्या. कित्येक वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. ईशा लोकांना पाणी देत होती. तिने केस वर बांधले होते, आणि ती वाकली तेव्हा तिच्या मानेची मागची बाजू दिसली. काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी. मळ वाटतो तो, घासून जात नाही. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की मानेवर अशी खूण उमटते. साखरेचा आजार दाराशी आलाय किंवा आत शिरलाय, असा तिचा अर्थ.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "ईशा, तू रक्त तपासून घे. या आठवड्यात."

तिला आधी कळलंच नाही. मग तिचा हात मानेकडे गेला. "आँटी. टुडे? यू वाँट टु डू धिस टुडे?"

"आज सांगितलं नाही तर मी पुन्हा पुढे ढकलीन."

"पुन्हा म्हणजे?" शालिनीवहिनी दारात उभ्या होत्या.

आणि मग, त्या घरात, त्या दिवशी, मी त्यांना मोज्याबद्दल सांगितलं. सांगायची ती वेळ नव्हती. पण चांगली वेळ कुठली असते हे मला त्या नोकरीने कधी शिकवलंच नाही. मी सगळं सांगितलं: वास, तळमजल्यावरचा बाक, फोन, पुस्तिकेतली ओळ.

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. "तुम्ही माझ्या हातचा चहा प्यालात त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "निघा तुम्ही."

मी चपला घालून निघाले. इथल्या मराठी मंडळात कुणाच्या तरी तोंडून कळत राहिलं की त्या ठीक आहेत, कुठे येत-जात नाहीत. मी फोन केला नाही. करायचा मला हक्क नव्हता.

तीन आठवड्यांनी, दुपारी, मी नोव्हेनाच्या मेट्रो स्टेशनवर उभी असताना फोनवर एक फोटो आला. ईशाच्या नंबरवरून. सोबत एक शब्दही नव्हता. रक्ताचा रिपोर्ट होता. आकडा वाचला आणि मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले. गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, गेली. ईशा तेव्हा चोवीस वर्षांची होती.

मी फोन लावला. तिने लगेच उचलला. ही मुलगी माझ्याशी इतक्या वर्षांत इंग्रजीशिवाय बोललेली नव्हती.

"मावशी," ती मराठीत म्हणाली, "माझा पाय जाणार का?"

"नाही," मी म्हणाले. "नाही जाणार. उद्या सकाळी ये."

ती आली. शालिनीवहिनीही आल्या होत्या. त्या खोलीत आल्या नाहीत, बाहेरच्या खुर्चीवर मांडीवर पर्स घट्ट धरून बसून राहिल्या. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. ईशा आत आली, समोर बसली आणि मी वही उघडली.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. ईशा आता माझ्या जागी आलेल्या मुलीकडे जाते, कधी चुकवते, कधी वेळेवर येते. शालिनीवहिनी अजूनही माझ्याशी बोलत नाहीत.